पीळ

लाल दिवा हिरवा झाला
तरी मी बोट थुंकीनं ओलं करून पट्टीला लावते.
आई अशीच लावायची, हॉटेलातल्या चादरींच्या इस्त्रीला.
दिव्यावर तिचा विश्वास नव्हता. माझाही नाही.

जुसारा बसली आहे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर,
खांद्यावर जुना टॉवेल, मांडीवर आरसा.
सकाळी नऊला बँकेत मुलाखत.
साल्वादोरची हवा म्हणजे खारट, दमट,
कुरळ्या केसांची सख्खी मावशी,
म्हणून खिडकी बंद, पंखाही बंद,
आणि आम्ही दोघी घामानं निथळतोय.

बट घ्यायची बोटाएवढी.
कंगवा पुढे, पट्टी मागे,
मुळापासून टोकापर्यंत, मध्ये थांबायचं नाही.
चर्र होतं. खोबरेलाचा वास, आणि थोडासा
जळक्या पिसाचा.
"कान!" ती ओरडते.
"धर मग," मी म्हणते, "तुझाच आहे."

उजवी बाजू झाली आणि लाइट गेली.
अख्खी चढण अंधारात.
खालच्या गल्लीत कुणीतरी शिवी हासडली, कुणीतरी हसलं.
मोबाइलच्या उजेडात तिनं आरसा उचलला.
उजवीकडे अर्जावरचा फोटो.
डावीकडे आमचा बाप,
इतापारिकाच्या किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करणारा,
ज्याच्या केसांत एकदा खोचलेली पेन्सिल
तीन दिवसांनी सापडली,
असं आई शपथेवर सांगायची.

आम्ही हसलो, पोट दुखेस्तोवर.
मग ती म्हणाली, "अशीच जाऊ?"
मी काही बोलले नाही.
भाडं किती महिन्यांचं थकलंय
ते दोघींनाही पाठ होतं.

साडेअकराला लाइट आली.
पुन्हा थुंकी, पुन्हा चर्र.
डावी बाजू मी हळूहळू केली,
बापाला एकेका बटेनं घराबाहेर काढत.
फक्त मानेवर, अगदी खाली,
जावळासारखी बारीक वळणं असतात
तिथे पट्टी नेली नाही.
"मान भाजेल," म्हटलं.
भाजली नसती. वीस वर्षं झाली या हाताला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही,
हे कुणीतरी टोमणा म्हणून म्हटलं असणार,
ज्याला फक्त दोर हवा होता.

ती वळणं मी तिच्या कॉलरखाली सरकवून पाहिली.
दिसत नव्हती.
मग बटण बंद केलं, पट्टी टेबलावर ठेवली,
आणि घाईत विसरले, ती अजून तापलेली होती.
मेणकापडावर डाग पडला आहे,
दोन बोटं लांब,
अगदी सरळ.