पाट हलतो

विज्ञानपेटी येऊन आठ महिने झाले.
कुलूप पेटीला, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात,
यादी डेडस्टॉक रजिस्टरात:
भिंगं चार, लोहचुंबक दोन, स्प्रिंगकाटा एक, चालू.
मोडलं तर भरपाई कुणाच्या पगारातून,
हा प्रश्न स्वाध्यायात दिलेला नाही.

तेव्हा पेटी राहू दिली तिथंच.
मन्मथनं घरून दोन पाट आणले,
जेवायला बसायचे, एकाच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग.
पाटावर पाट, मध्ये बत्तीस गोट्या
(त्यातल्या अकरा मीच जप्त केलेल्या),
चारी बाजूंनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या,
आणि तय्यबाच्या मामूनं भंगारातून काढून दिलेलं
शिलाई मशीनचं चाक, कडेला सळई अडकवलेलं.
चाक फिरवलं की पाट थरथरतो.
घड्याळ बंद आहे वर्गातलं,
म्हणून कुणीतरी स्वतःची नाडी धरून बसायचं.

आगपेट्यांचं घर नुसतं सरकलं.
खराट्याच्या काड्या आणि भिजवलेल्या वाटाण्यांचं
डोललं, पडलं नाही.
विटांच्या तुकड्यांचं नऊ ठोक्यांत बसलं खाली.
पोरांनी टाळ्या पिटल्या.

खिचडीची भांडी आवरून
महानंदाबाई दारात येऊन उभ्या.
"काय करलालाव रे लेकरांनो?"
"भूकंप!"
सगळा वर्ग, एका सुरात, आनंदानं.

आमचं गाव नवं आहे. गल्ल्या सरळ, घरांना नंबर.
जुनं गाव तीन किलोमीटरवर,
तिथं आता वेड्या बाभळी.
बाई तेव्हा चौथीत होत्या.
विसर्जनाहून येऊन निजलेलं गाव,
एवढंच सांगतात, तेही कुणी विचारलं तर.

दुसऱ्या दिवशी त्या पांढरी माती घेऊन आल्या.
ओटीत खडे, काखेत तुराट्या.
फरशीवर मांडी घालून घर बांधायला बसल्या.
भिंती दोन हात जाड, आमच्या मापानं दोन बोटं,
आतून दगड, बाहेरून दगड, मध्ये नुसता चुरा.
वर तुराट्यांचं माळवद, त्यावर मातीचे थर.
"दरसाली एक थर. आज्ज्याच्या आधीपासून.
उन्हाळ्यात लई गार लागायचं."
शेवटी आतल्या भिंतीला
बोटानं एक कोनाडा केला.
कशाचा, ते कुणी विचारलं नाही.

चाकाला कुणी हात लावेना.
मन्मथ म्हणाला, सर, घंटा झाली.
झाली नव्हती.

मग तय्यबा सुतळी घेऊन पुढं आली.
"ह्याला कंबरेला बांधलं तर?"
दाराच्या वरून चारी भिंतींना एक वेढा.
भिंतीच्या आरपार जातील असे लांब खडे,
आतल्या दगडानं बाहेरच्याचा हात धरावा म्हणून.
माळवदावरची माती निम्मी उतरवली,
बाईंना विचारून.
बाई म्हणाल्या, सरक गं जरा,
आणि चाक त्यांनीच धरलं.

नाडी माझ्याकडं होती. मोजताना चुकलो.
माती सांडत राहिली,
उगवतीकडचा कोपरा सुटला, अर्धी भिंत गेली.
माळवद राहिलं. वाकडं, कोनाड्यासकट,
सुतळीच्या जिवावर.
बाई फिरवतच होत्या, नऊच्या पुढं, तीसच्याही पुढं,
थांबा म्हणायला मला जमलं नाही.
तय्यबानं पाटावर तळवा टेकवला, तेव्हा थांबल्या.

"एवढीशी सुतळी," म्हणाल्या.
थोड्या वेळानं परत म्हणाल्या.
मग भांडी राहिलीत म्हणत उठल्या,
हाताची माती न पुसता.

रजिस्टरात मी नोंद केली:
पाट दोन, चाक एक, गोट्या एकतीस,
सुतळी दीड हात.
मुख्याध्यापक विचारतात, पावती कुठंय.
तय्यबा विचारते, आधी कोपराच का सुटतो.
पावतीचं बघू.
कोपऱ्याचं मला उद्यापर्यंत वाचून यावं लागेल.