माप

चेंदणी कोळीवाड्याच्या तोंडाशी, सायकलवाल्याला लागून
माझं मशीन. जयेंद्र तांडेल दुपारी आला,
हातात यादी, वर गोल शिक्का, खाली देहरादूनचा पत्ता.
राखाडी पँट दोन, पांढरे शर्ट चार,
काळे मोजे सहा जोड.
मोजे माझं काम नव्हे, तरी मी शेवटपर्यंत वाचलं.

सात वर्षांपूर्वी याच्याच पांढऱ्या गणवेशाची
कंबर मी आत घेतली होती.
टाचणी टोचली तरी हूं की चूं नाही,
नौदलानं पोराला उभं राहायला शिकवलं होतं.
आता फौज.
परीक्षा तिसऱ्या खेपेला निघाली,
चार वर्षं पुन्हा शाळा, मग खांद्यावर तारे.

तांडेल आडनावाचा माणूस पाणी सोडतोय
म्हटल्यावर गल्ली गप्प कशी बसेल?
पगार वाढतो, म्हणाले.
साहेब झाला की बायको शिकलेली मिळते, म्हणाले.
बोटीवर कुणाशी तरी वाजलं असेल, हेही आलं,
हळू आवाजात, माझ्याच दुकानात, ब्लाउजची ट्रायल घेताना.
त्याच्या आईनं मीठमिरच्या ओवाळून टाकल्या
आणि पांढरा जोड डांबरगोळ्या घालून
ट्रंकेत तळाशी ठेवला.

मी विचारलं नाही. टेप त्याच्या पाठीवर होता
तेव्हा तोच बोलला, भिंतीकडे तोंड करून.
इंजिनरूममध्ये होतो ना काकी,
तिथे समुद्र नसतो.
नुसता आवाज असतो, लोखंडापलीकडे.
चार तास ड्युटी, मग बंक, मग चार तास.
मोजली होती मी, सत्तर पावलं
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मग वळायचं.
बाबांना वाटायचं मी डेकवर उभा असतो.

थोड्या वेळानं:
पँट मांडीत सैल ठेवा. चालायचं आहे.

एवढंच. बाकी परीक्षेचं, तारखेचं, गाडीच्या तिकिटाचं.
मला वाटतं हेही पुरतं कारण नसावं.

मी वागळे इस्टेटला अकरा वर्षं कॉलरी शिवल्या.
नुसत्या कॉलरी. बाह्या शकुंतला लावायची,
काजं करायला तिसरीच कुणी.
ती कंपनी मी चालू असताना सोडली, बंद पडायच्या
दोन वर्षं आधी, आणि हे मशीन हप्त्यानं घेतलं.
बांधलेला पगार का सोडलास, सगळ्यांनी विचारलं.
जायला यायला लांब पडतं, मी सांगायचे.
चेंदणीहून वागळे इस्टेट! लोकांनी मानलंही.
एक अख्खा शर्ट
आपल्या हातून झालेला बघायचा होता,
हे तोंडातून कसं काढायचं?

रात्री आठला हरिश्चंद्र तांडेल आले,
माजिवड्याच्या टॉवरवर नाइट शिफ्टला निघालेले,
निळा शर्ट, छातीवर कंपनीची पट्टी.
त्यांची होडी खाडीत नाही, घरामागे उलटी आहे,
तिच्यावर शेजारीण चादरी वाळत घालते.
पोरगा नौदलात लागला त्या दिवशी
याच माणसानं गल्लीभर पेढे वाटले होते,
घरातलं कुणीतरी पाण्यावर राहिलं म्हणून.

उभेच राहिले. टेबलावरचा राखाडी कापड
दोन बोटांत धरून बघितला, जाळं बघावं तसा.
मग म्हणाले,
तुला काय बोलला का गो तो?
का सोडतोय, ते?

सत्तर पावलं माझ्या जिभेवर होती.
डेकचं पण होतं.
मी वही उघडली, चष्मा लावला,
आणि म्हणाले, छाती अर्धा इंच वाढली आहे, भाऊ.
उंची तेवढीच.

त्यांनी मान हलवली.
अर्धा इंच, म्हणाले,
आणि टॉर्च पेटतो का ते बघून
शिफ्टला गेले.