शून्यावं पाऊल

एका गुणाने हरलो.
हॉलचे निम्मे दिवे विझलेत, शेवटची बस गेलीय,
आणि पानेवेझीसच्या पार्किंगमध्ये, उणे अकरात,
आम्ही आठ जण अजून
त्याच शेवटच्या चार सेकंदांत उभे.

"तीन!" रेमिगियुस म्हणतो. "तीन टाकली त्या पोराने.
आंधळ्यालाही ऐकू आली असती."
"दोन," झिद्रूनास म्हणतो. "पहिलं शून्यावं.
चेंडू हातात येताना जे पाऊल जमिनीवर असतं
ते धरत नाहीत. नियम बदलला, तू बदलला नाहीस."
"शून्यावं म्हणजे काय रे?
माझ्या दुकानात येऊन शून्यावा किलो मागून बघ."
रेमिगियुस खाटीक आहे. वजनात कधी मारत नाही.

पाचांमुखी परमेश्वर म्हणतात.
इथे पंच तीनच,
तिघांच्याही तोंडात शिट्टी, तीही मुकी.
एक घड्याळाकडे बघत होता, एक कोपरांकडे,
तिसरा नुसता उभा, लग्नातल्या परक्या पाहुण्यासारखा.

मग रेमिगियुस टोपी काढतो.
टक्कल वाफाळतं.
टोपीचा गोळा करून म्हणतो, "बघा आता. बर्फ खोटं बोलत नाही."
आणि गुडघ्याला पट्टा बांधलेला हा साठीचा माणूस
दोन स्कोडांच्या मधून धावत सुटतो,
टोपी उडवतो, झेलतो, खांदा पाडतो,
दिव्याच्या खांबाला हूल देतो
आणि नसलेल्या जाळीत टोपी सोडतो.
ती जाते कुंपणापलीकडे, अंधारात.

मोबाइलचे दिवे लावून आम्ही वाकतो,
कुणाची तरी अंगठी हरवल्यासारखे.
एक. दोन. तीन.
आणि एक अर्धं, टाच घासटलेलं.
"मोज! मोज ना आता!"
"मोजतो. पण टोपी झेललीस कुठे? इथे, की तिथे?"
आणि सगळे गप्प.
बर्फात पाऊल उमटतं.
हातात कधी आलं, ते उमटत नाही.

"कुठून मोजायचं, तोच तर प्रश्न आहे," गिंतौतास पुटपुटतो,
आणि कुणी उत्तर देत नाही.
त्याचा मुलगा बर्गेनला गेला होता, एका उन्हाळ्यापुरता.
नऊ वर्षं झाली.
तो पहिला उन्हाळा आम्ही कुणीच धरला नव्हता.

तेवढ्यात बाजूचं दार उघडतं.
करडा कोट, हातात बॅग: तिघांतला तिसरा.
तिकीट-खिडकीवाली दांगुओले त्याला मागून ओरडून सांगते,
"जपून हो, निसरडं झालंय,"
आणि आमच्याकडे बघून डोळे वटारते.

त्याची गाडी पलीकडे.
तो येतो तो थेट पुराव्यावरून.
साडेतीनवर त्याचं पाऊल, तीनवर, दोनवर,
आणि नेमका शून्यावर पाय सटकतो.
बॅग छातीशी कवटाळून
तो चार, पाच, सात बारीक पावलं नाचतो.
पडत नाही.

कुणी ठरवलं नव्हतं.
आठ जणांच्या सोळा मुठी वर येतात
आणि छातीसमोर गरगर फिरतात,
एकीभोवती एक.

तो थांबतो.
आमच्या मुठींकडे बघतो, मागे वळून आपल्या पावलांकडे बघतो,
मोजतो, चक्क बोट दाखवत मोजतो,
आणि पुढे येऊन बॅग
रेमिगियुसच्या हातात देतो.
चेंडू तुमचा.

रेमिगियुस ती त्याच्या गाडीपर्यंत नेतो, दोन्ही हातांनी धरून,
काच खाली होते, काहीतरी बोलणं होतं.
परत येतो तेव्हा कान लालभडक.
"काय म्हणाला? तीन म्हणाला?"
"विचारत होता, गुडघ्याला काय झालं."

बर्फ पुन्हा पडायला लागलाय.
कुंपणापलीकडे टोपी शोधत आम्ही निघतो,
आणि झिद्रूनास, कुणी विचारलेलं नसताना,
मागून म्हणतो,
"पण दोनच होती."