पोकळीचे पैसे

उद्यमबागेत एकवीस वर्षं
मी पोकळ्या तयार केल्या.
ऐकून माणसं हसतात. हसू देत.

वाळू, तेल, थोडी काकवी,
लाकडी पेटीत दाबून बसवायची,
पेटी उलटी करून हळूच थापटायची,
कड अंगठ्याने पुसायची, भट्टीत भाजायची.
झाला कोअर.
तो साच्याच्या पोटात ठेवतात,
भोवतीनं रस ओततात,
आणि लोखंड थिजलं की ठोकून ठोकून
त्याची परत वाळू करतात.
गिऱ्हाईक पैसे पोकळीचे देतंय,
भरमाण्णा म्हणायचा,
भरीव लोखंड काय, भंगारात पण मिळतंय की.

एका दुपारी करंट गेला.
पंखे थांबले, ब्लोअरचा घुंगाट थांबला,
आणि आपण इतकी वर्षं ओरडून बोलत होतो
हे आम्हाला तेव्हा कळलं.
मागच्या वाळूच्या ढिगावर चौघी पाय पसरून बसलो.
निलव्वानं डब्यातून करदंट काढलं, गोकाकचं,
कागद तुपानं पारदर्शक झालेला.
कशाबद्दल गं?
कशाबद्दल नाही. उगीच.
लेक पास झाली नव्हती, बोनस लागला नव्हता,
घरचा पत्रा गळतच होता.
शकू काहीतरी सांगायला गेली
तर डिंकानं दातच सुटेनात,
नुसती हात हलवत बसली,
आणि आम्ही अशा हसलो, अशा हसलो,
की ढीग घसरला
आणि चौघी साड्यांसकट खाली.
अकरा मिनिटं. मग करंट आला.

सुख म्हटलं की मला तेवढंच आठवतं.
लग्न नाही. थोरल्याचं बारसं नाही.
वाईट वाटतं, पण नाही.

मठात स्वामी म्हणाले, सुख म्हणजे भास,
अंधारात दोरीचा साप.
मी मागं खांबाला टेकून ऐकत होते.
साप बघून पळालेल्याचा पाय मुरगळला
तर ती सूज कुणाची, महाराज?
विचारलं नाही. प्रसादाची ओळ सुरू झालती.

घरी येऊन निलव्वाला फोन लावला.
ती आता लेकीकडे, घटप्रभेला.
करदंट? मी? नाही बाई.
अगं, शकूचे दात चिकटलते.
शकू तर आदल्या वर्षीच काम सोडून गेलती, अक्का.
तिकडं कुकरची शिट्टी झाली. इकडं मी गप्प.
सुळ्ळ असंल, ती म्हणाली, कनस पडलं असंल तुला.
मग आवाज खाली आणून: खरे हेळ,
मी किती खाल्ले त्यातले?
तीन, मी म्हटलं.
बघ. तिथनंच लागली मला शुगर.

खोट्याला तिच्याकडे सुळ्ळ, माझ्याकडे खोटं.
खरे मात्र दोघींच्या तोंडात एकच,
कुणी कुणाकडनं उसनं घेतलं
ते आता कोण सांगणार.
त्या रात्री मी बोटावर मोजून बघितलं:
शकू कधी गेली, ढीग कुठल्या बाजूला होता.
जमेना. दर वेळी
एक जण कमी पडायची नाहीतर एक जास्त व्हायची.

कडोलीला भावाच्या कोबीत
जुना पंप खोलून ठेवलेला.
अंगावर आमच्या फौंड्रीचा शिक्का, अर्धा झिजलेला.
मी आत बोट घातलं.
आतून लोखंड अजून खरबरीत,
वाळूचा कण न् कण उमटलेला,
आणि कडेला एक गुळगुळीत खोलगट जागा,
अंगठा फिरवावा तशी.
माझा असेल. निलव्वाचा असेल.
शकूचाही असेल, ती तेव्हा असली तर.

बोट काढ गं, भाऊ ओरडला,
पाणी द्यायचंय, पंप जोडतोय.