न फाडलेलं तिकीट

वाल्पाराइसोच्या या टेकडीवर जायला दोन वाटा.
एक माझा लाकडी डबा, दोराने ओढला जाणारा,
करकरत, मिनिटभरात वर.
दुसरी वाट म्हणजे जिना. एकशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या,
मांजरांच्या, फुटक्या बाटल्यांच्या,
कुणीतरी रंगवून अर्धवट सोडलेल्या माशांच्या.

एकतीस वर्षं खिडकीत बसून तिकिटं फाडली मी.
एर्मेलिंदा सेपूल्वेदाचं एकही नाही.

मासळीच्या गोदामात हिशेब लिहायची ती.
संध्याकाळी सहाला, जाळीच्या पिशवीत
कोबी, मसूर, कधी दोन नासपती.
खिडकीशी थांबून म्हणायची,
"निबाल्दो, पुन्हा तळलेलं?"
आणि माझ्या हातातली भोपळ्याची पुरी
कागदात अंग चोरून बसायची.

"शंभर पेसो वाचवून श्रीमंत होणार का बाई?"
"होणार. सावकाश."
आणि वळायची जिन्याकडे.

चिंगूस, म्हणायची वरची गल्ली. मीही.
मीठदाणी म्हणे कपाटावर ठेवते,
खुर्ची घेतल्याशिवाय हात पोचत नाही.
दहाला दिवा बंद.
"मरतानासुद्धा काटकसर करेल,"
तिचाच मेहुणा म्हणाला, तिच्याच वाढदिवसाला,
तिसऱ्या ग्लासानंतर.
त्या रात्री ती एक ग्लास प्यायली
आणि सगळे थकल्यावरही नाचत राहिली.
ते कुणी मोजलं नाही.

मग पंचावन्नाव्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली.
खरं सांगतो, आधी मला
बरं वाटलं.
जणू कुणी तिच्या वहीवर शाई सांडली
आणि माझी पुरी निर्दोष सुटली.
मग दिवसभर कुणाच्या नजरेला नजर देता आली नाही.

आठ महिने जिना रिकामा. मांजरं ऐसपैस.
एका दुपारी आली, डोक्याला रुमाल बांधून.
चौदा पायऱ्या चढली. बसली.
परत खाली आली आणि म्हणाली,
"आज एवढेच आहेत,"
पाकिटाबद्दल बोलावं तसं.
मी डब्याचं दार धरलं.
तिकीट काढलं, पण फाडलं नाही.
अजून आहे खणात.

वर्षं गेली. ती पुन्हा जिन्यावर, मी खिडकीत,
माझा पट्टा दर दोन वर्षांनी एक भोक पुढे.

फेब्रुवारीत, शेवटच्या फेरीच्या वेळी, जमीन हलली.
मग बंदरावरचा भोंगा.
वीज गेली, डबा मधेच लटकला, नशीब, रिकामा.
सगळं बंदर जिन्यावर लोटलं,
कुणी कुत्रं उचलून, एक जण चक्क शिवणयंत्र.
एकसष्टाव्या पायरीवर गुडघा म्हणाला, बास.
छातीत दोर करकरला.
भिंतीवरच्या माशाला टेकून बसलो,
लोक माझ्यावरून वाहत गेले.

आणि अंधारातून एक बॅटरी खाली येताना दिसली,
गर्दीच्या उलट.
सत्तरीची बाई, धापही न लागलेली.
काखेत खांदा घातला माझ्या.
"पायऱ्या मोजू नकोस," म्हणाली,
"मोजायचं काम माझं."

समुद्र त्या रात्री आलाच नाही. घोटाभरही नाही.
पहाटेपर्यंत तिच्या स्वयंपाकघरात नऊ माणसं,
मेणबत्ती, मसुराचं सूप. आळणी,
अगदी आळणी.
मी खुर्ची घेतली, कपाटावर चाचपलं.
मीठदाणी होती तिथे, वर धुळीची साय.
तिने पाहिलं. बोलली नाही.
मी चिमूटभर घेतलं.

आता डबा दुरुस्तीला, मी घरी.
रोज सकाळी जिन्याशी येतो.
काल तेवीस. आज धुकं होतं, सतरा.
एवढ्या उशिरा उघडलेल्या खात्यावर
काय व्याज मिळणार, कळतं मला.
तीही वरून ओरडत नाही,
फक्त नासपती पिशवीतून काढून कठड्यावर ठेवते.

पुरी खातो अजून. रविवारी. अर्धी.
उरलेली मांजराला.
त्याचे गुडघे ते बघेल.