उरवणं

आमच्या काखेतीत नुसतं कुणी पीत नाही.
आधी उठायचं, प्याला छातीशी धरायचा,
कुणाचं तरी नाव घ्यायचं,
गेलेल्यांचं, येऊ घातलेल्यांचं,
ज्याच्या घरी बसलोय त्याच्या चुलीचं,
मगच घोट.
पंगतीत ही नावं घेणारा, तो तमादा.
तेवीस वर्षं या गावात तो मी आहे. जुम्बेर.
विचारा कुणालाही :
पहाटेपर्यंत बोलून, पिऊन
सरळ रेषेत घरी गेलेला एकच माणूस.

म्हणून तेलावीच्या दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली,
'किती घेता?'
तेव्हा मी हसलो.
'नदीला विचारतात का, किती ओली आहेस?'
ती हसली नाही.
एलिसो तिचं नाव, माझ्या धाकटीच्या वयाची.
कागदावर लिहिता लिहिता म्हणाली,
'बरं. उरवता कधी?'

एवढा एकच शब्द घेऊन
मी बसने घरी आलो,
मांडीवर, औषधाच्या पुडीसारखा.

वाटेत बादरी आठवला.
शेजारचा, मधमाश्यांवाला.
पंगतीत कायम माझ्या उजव्या हाताला.
तोही पितो, गातो,
आईचं नाव निघालं की रडतोसुद्धा,
आणि मग कधीतरी, वाक्याच्या मधेच,
प्याला अर्धा खाली ठेवतो
आणि विसरतो.
विसरतो!
जशी कुणी छत्री विसरतं.
तो अर्धा प्याला मी मात्र
डोळ्याच्या कोपऱ्यातून राखत बसतो,
पाहुणे पांगेपर्यंत,
बायका ताटं उचलायला लागेपर्यंत.
मग कुणी बघत नसलं की
त्याचं उष्टंही माझं.

मोजायला गेलं तर कधी कधी
त्याचे प्याले माझ्याहून जास्त भरतील.
मापात पाप नव्हतंच.

फेब्रुवारीतला मंगळवार. सकाळचे सात.
तळघरात रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले.
त्यातल्या एकाच्या झाकणाभोवतीची माती
वारंवार लिंपून मऊ झालेली.
नाझिब्रोलाने काठीवर खडूने खुणा केल्यात.
मला माहीत आहे.
मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे.
जेवताना आम्ही दोघंही म्हणतो,
रांजणच पितो थोडी, जुना झालाय.

वाळक्या भोपळ्याची डवली भरली.
सवयीने छातीशी धरली. उभा राहिलो.
नाव शोधू लागलो.
मेलेले? रविवारीच झाले.
मुलं झाली. पाहुणा झाला.
ज्यांच्याशी भांडण, त्यांचंही झालं.
समोर कुणी नाही, भिंतीवर ओल,
आणि शब्द विकून पोट भरावं असा मी
तोंड उघडं टाकून उभा.
पंगतीत तिला वाईन म्हणतात.
इथे मी तिला काहीच म्हटलं नाही.
नाव सापडायच्या आत
डवली रिकामी होती.

दुसरीच्या वेळी
शोधलंही नाही.

बादरीच्या नातवाचं लग्न शनिवारी झालं.
नावं घ्यायला मलाच बोलावलं होतं.
घसा धरलाय म्हणालो.
तो काही बोलला नाही, संध्याकाळी
मधाची बरणी घेऊन दारात उभा.
इतकी वर्षं सरळ चाललो,
त्या बरणीपुढे तोल गेला.

पंगतीला कुणी दुसराच, कोवळा पोरगा,
नावं चुकवत होता, लोक हसत होते.
माझ्यापुढे डाळिंबाचा रस.
मग गाणं सुरू झालं, बादरी उठून गेला,
प्याला इथेच. अर्धा.
माझ्या हातापासून एक वीत.
जिभेला पाणी सुटलं आणि लाज
एकाच वेळी.

मी हाक मारली, मोठ्याने,
अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशी :
'नाझी, हा उचल इथून!'

ती आली. पदराला ओले हात पुसत.
गाणं चालूच राहिलं.
फक्त बादरीने वळून पाहिलं
तिच्या हातातल्या प्याल्याकडे,
आणि कुणाचा तो,
हे त्याला आठवेना.