डावी विंग

भाच्याने, रेणुकादासने, तिकिटं फोनवर काढली.
म्हणाला, मावशी, तुझं नाटक आलंय, सिनेमा होऊन.
माझं कसलं.
मी नाटकात कधीच नव्हते,
मी डाव्या विंगेत होते,
स्टुलावर, मांडीवर वही, वहीवर बॅटरीचा उजेड,
वाइंडिंग खात्यातली एकटी सातवी पास,
म्हणून गिरणीच्या मंडळाने मला शब्द दिले
आणि नागनाथ म्याकलला मुकुट.

थेटरात गारठा. बाहेर बेचाळीस.
सोलापुरात, मे महिन्यात, शाल हवी होती!
पडद्यावरचा राजा देखणा आहे.
घोडे खरे, किल्ला खरा,
डोळ्यातला थेंब एवढा
की एकात डबलबेडची चादर भिजावी.
नागनाथचं रडणं दहाव्या रांगेतून दिसायचं नाही,
म्हणून तो लोकांकडे पाठ करायचा
आणि खांद्यांनी रडायचा.
'माझी राज्य' म्हणायचा. माझं, माझं, किती सांगितलं.
घरात तेलुगू, खात्यात कन्नड, मराठी फक्त मुकुटाखाली.
कुणी हसलं नाही.
सोलापूरचा राजा असाच बोलणार.

इंटरव्हलनंतर,
म्हणजे आमचा तिसरा अंक,
पेला येतो.

आमचा पेला पितळेचा, आत हॉटेलातलं ताक.
दर प्रयोगाला तो पेल्यापाशी अडायचा.
वाक्य विसरायचा की त्याला आठवायचंच नसायचं,
मला शेवटपर्यंत कळलं नाही.
डावीकडे बघायचा.
मी ओळीवर बोट ठेवून हळूच सांगायचे:
आता पुरे. दे इकडे तो पेला.

बार्शीला एकदा मी थांबले.
मुद्दाम.
वाटलं, आज नाहीच प्यायला तर?
पडदेवाला दोरी धरून तसाच,
तबलजीने खोकून पाहिलं.
नागनाथ माझ्याकडे बघत राहिला
आणि हसला, अगदी थोडं,
भोंगा चुकून आधी वाजल्यावर माणूस हसतो तसं.
मग मीच सांगितलं.
सदोतीस प्रयोग. सदोतीस वेळा मीच.

सिनेमातला राजा कुठेच बघत नाही.
त्याला सगळं पाठ आहे.
पेला उचलतो, व्हायोलिनं आधीच रडायला लागलेली.
"थांब," मी म्हणाले.
मोठ्याने निघालं वाटतं,
पुढच्या रांगेतला मुलगा वळला, मूठभर लाह्या तोंडाशी तशाच.
राजा प्यायला.
सहाच्या खेळालाही तो इथेच पिणार.

सिव्हिलमध्ये गेले होते तेव्हा
नागनाथच्या छातीत गिरणीचा कापूस, नाकाला नळी.
मी त्याच्या उजव्या हाताला बसले, खुर्ची तिथे होती म्हणून.
तो मान वळवून डावीकडे बघायचा.
तिथे भिंत होती, भिंतीवर बंद स्विच.
उठून त्या बाजूला जावं
हे मला सात रस्त्याला, रिक्षात बसल्यावर सुचलं.

रेणुकादास विचारतो, कसा वाटला?
म्हटलं, पाठांतर चांगलं आहे.